बनसोडे सरांचं निदान

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात दिवसभर एकच काम चालतं. लोकांचे कॉम्प्युटर सुरू होत नाहीत, पडदा काळा पडतो, आणि ते आम्हाला फोन करतात. मी हेडफोन लावून त्यांना सांगते, "आधी बाहेरचं बघू, मग आतलं. मॉनिटरचा दिवा कुठल्या रंगाचा आहे?" पलीकडून उत्तर येतं, नारिंगी. "मग मॉनिटर जिवंत आहे. त्याला पलीकडून काही मिळत नाहीये, एवढंच." माणूस जरा शांत होतो. मग आम्ही केबलकडे वळतो.

हे बोलणं माझं नाही. ते बनसोडे सरांचं आहे, त्यातल्या थांबण्याच्या जागांसकट. नोकरीला लागल्यावर हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी वेगळे शब्द वापरून बघितले. जमलं नाही. माणूस घाबरलेला असताना त्याला धीर येईल असं बोलायची एकच रीत मला येते, आणि ती ज्यांनी शिकवली त्यांच्याशी मी बोलत नाही.

धाराशिवात सरांचा क्लास एका सायकलच्या दुकानावर होता. अरुंद लोखंडी जिना, वर पत्र्याची खोली, उन्हाळ्यात आत शिरलं की कानशिलं तापायची. पूर्वी तिथं टायपिंग चालायचं. टायपिंगची मशीनं गेली आणि कॉम्प्युटर आले, तेव्हा गावातल्या बाकीच्या टायपिंगवाल्यांनी दुकानं बंद केली. सरांनी एक जुना कॉम्प्युटर आणला आणि तो दिवसभर उघडून-मिटून बघत बसले. कुणी शिकवलं नाही. "बिघडवला, नीट केला, परत बिघडवला," असं ते सांगायचे. "नीट असलेल्या मशीनकडनं काय शिकणार?"

बुटके होते. करड्या रंगाचा सफारी, तेल लावून बसवलेले केस, आणि आवाज इतका हळू की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प होऊन ऐकायची. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात स्क्रू-ड्रायव्हर, रंगवायचा एक ब्रश, शाळेतलं खोडरबर, आणि साबणाच्या डबीत ठेवलेली रॅमची एक जादा पट्टी. तेर, येडशी, येरमाळा, कुठूनही बोलावणं आलं की सर पिशवी घेऊन एसटीनं निघायचे.

माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर. तेरच्या गाडीवर ते बरीच वर्षं होते. त्या गाडीतच त्यांची आणि सरांची दोस्ती झाली. सर चढले की अण्णा त्यांना पुढं, स्वतःशेजारी बसवायचे. जयंतीच्या कार्यक्रमात दोघं एकाच स्टेजवर असायचे. अण्णा भाषण करायचे, पोरींना शिकवा, पोटाला चिमटा घ्या पण शिकवा. सर भाषण करायचे नाहीत. माइक बिघडला तर तेवढा नीट करून द्यायचे.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो सरांनीच जोडून दिलेला. मी तेव्हा बारावी होऊन बीएस्सीला गेले होते, विषय कॉम्प्युटरच घेतला होता. कॉम्प्युटर जुनाच, वेगवेगळ्या ठिकाणचे भाग एकत्र आणलेले. त्यामुळं तो सारखा आजारी पडायचा आणि सर सारखे यायचे.

आले की घरात एक वेगळाच कारभार सुरू व्हायचा. आधी हातातलं घड्याळ काढून खिशात. मग खिडकीच्या गजाला हात लावून उभं राहायचं, अंगातली वीज उतरवायला. मग आईला म्हणायचे, "वहिनी, जरा मिक्सर थांबवा. टीव्ही बंद करा. पंखा बी." सगळं शांत झालं की मशीनचं बटण दाबायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. एक छोटी बीप आली तर हसायचे. लांबलांब वाजत राहिली तर पिशवीतलं खोडरबर काढायचे. रॅमची पट्टी ओढून काढून तिच्या सोनेरी दातांवर रबर घासायचे, फुंकर न मारता ब्रशनं झटकायचे, आणि परत खटकन बसवायचे. "फुकायचं न्हाय," हे मला शंभरदा सांगितलं असेल. "तोंडातला ओलावा जातो आत."

एकदा मी रडकुंडीला आले होते. माझा कॉलेजचा प्रोजेक्ट आत, आणि पडदा काळाठिक्कर. सरांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पडदा काळा म्हणजे मशीन मेलं असं न्हाय बाळा. ते आत चालू असतंय. फक्त दावत न्हाय." त्या दिवशी केबलची एक पिन वाकली होती. सरांनी आईकडून सुई मागून घेतली आणि ती पिन सरळ केली. पडद्यावर माझा प्रोजेक्ट आला तेव्हा ते पडद्याकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

सुट्टीत मी त्यांच्या क्लासला मदतीला जायला लागले. एकदा सरांनी टेबलावर एक सीपीयू ठेवला आणि मुलांना भोवती बोलावलं. मुलं पुढं घुसली. सर म्हणाले, "मागं सरा. आज प्रज्ञा उघडणार हाय." कुणीतरी हसलं. मी स्क्रू काढायला लागले आणि बोटांतून निसटून एक स्क्रू आत पडला. मुलं परत हसली. सरांनी कुणाला रागावलं नाही. "आत स्क्रू पडला की मशीन चालू करायचं न्हाय. आधी तो सापडला पायजे. हिला घाई न्हाय, तर तुम्हाला कशाला?" मी बोटानं, ब्रशनं, शेवटी सगळा डबा उलटा करून तो स्क्रू शोधला. तोपर्यंत अख्खा क्लास उभा होता, आणि सर खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते. माझ्याकडं मुद्दाम न बघण्यात त्यांनी मला किती सांभाळलं, हे मला तेव्हाही कळत होतं.

कळंबचा प्रसंगही तेव्हाचाच. तिथल्या एका मोठ्या साहेबांच्या घरून बोलावणं आलं. सर मला सोबत घेऊन गेले. साहेब दारातच चिडलेले. बायकोनं कॉम्प्युटर बिघडवला, असं त्यांनी आम्हाला चप्पल काढायच्या आधीच सांगितलं. "हिला शंभरदा सांगितलंय, हात लावू नको म्हणून." ती बाई स्वयंपाकघराच्या दारात पदर मुठीत धरून उभी होती.

सरांनी खिशातली बॅटरी काढून मॉनिटरच्या काचेवर तिरका उजेड मारला. मी शेजारीच उभी होते, मलाही दिसलं. आत चित्र होतं, अगदी पुसट. बाईंनी धूळ पुसताना मॉनिटरची बटणं दाबली गेली होती आणि ब्राइटनेस पार खाली गेला होता. एका बटणाचं काम. पण सरांनी तसं केलं नाही. त्यांनी सीपीयू उघडला, उगीच ब्रश फिरवला, मागच्या केबली काढून लावल्या, आणि मॉनिटरसमोर वाकून, पाठीमागं कुणाला दिसणार नाही असं, ब्राइटनेस वाढवला. मग साहेबांना म्हणाले, "केबल ढिली झालती साहेब. उंदरानं वढली असंल. घरच्यांचा काय दोष न्हाय."

परतताना गाडीत मी विचारलं, "सर, खोटं कशाला सांगितलं?"

"खरं सांगून काय मिळालं असतं?" ते म्हणाले. "त्या बाईला आज घास गेला नसता. आता उंदराला कोण बोलणार हाय का?"

येरमाळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, सरांनी खाली उतरून आम्हा दोघांना पेरू आणले. मी ते खात होते आणि मला वाटत होतं, आपल्याला असं वागता आलं पाहिजे. एवढं हुशार आणि एवढं हळवं. ते खोटं मला किती आवडलं होतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला.

बीएस्सी झालं आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. लातूरकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक, घर चांगलं, अण्णांच्या मनात भरलेलं. मी नाही म्हणाले नव्हते, होही म्हणाले नव्हते. त्याच सुमारास हैदराबादच्या एका कंपनीकडून मला परीक्षेचं बोलावणं आलं. पास झालं की मुलाखत, मग नोकरी. परीक्षा घरूनच द्यायची होती. कॉम्प्युटरवर, कॅमेरा लावून, खोलीत एकटीनं. मोबाइलवर चालणार नव्हती.

अण्णांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दे की." एवढंच. मला बरं वाटलं. सरांना मात्र मी सगळं सांगितलं. पास झाले तर मी जाणार. लग्न दोन-तीन वर्षं तरी करणार नाही. अण्णा रागावतील, पण एकदा हातात नोकरी आली की मी त्यांना समजावीन. हे मी त्यांच्या क्लासमध्ये, मुलं गेल्यावर, खिडकीशी उभी राहून बोलले होते. सर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुझं मशीन जुनं हाय. परीक्षेदिवशी सकाळी येऊन बघून जातो मी."

ते आले. मशीन व्यवस्थित चालू होतं. मी आधीच कॅमेरा लावून बघितला होता. सरांनी घड्याळ काढलं, गजाला हात लावला. "धूळ बसलीय. मधी गरम होऊन बंद पडायला नको. एकदा साफ करून देतो." मी म्हणाले, "आत्ता नको ना सर." ते म्हणाले, "दहा मिनिटं." मी आंघोळीला गेले.

परत आले तर सीपीयूचा पंखा फिरत होता, दिवा लागला होता, आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'. बीप नाही. काहीच नाही. सर खाली बसले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. रॅम काढून घासली, बसवली. केबल बदलली. पंखा तसाच फिरत राहिला.

"बोर्ड गेला," सर म्हणाले. "आवाजच देईना. जुना बोर्ड, हात लागला आन् गेला."

परीक्षेला फार वेळ उरला नव्हता. मी म्हणाले, "सर, तुमच्या क्लासला जाऊ. तिथल्या मशीनवर देते."

"क्लासला सकाळपासनं लाईट न्हाय. डीपी जळालाय."

अण्णा दारात उभे होते. त्यांची ड्यूटी त्या दिवशी दुपारची होती. मी त्यांना म्हणाले, "अण्णा, मला स्टँडपाशी सोडा, तिथं कॅफे आहे." अण्णांनी गाडीची किल्ली शोधायला फार वेळ लावला. कॅफेत फॉर्म भरणाऱ्यांची रीघ होती, कॅमेरा असलेलं एकच मशीन होतं, आणि मालक म्हणाला, एकटीला खोली कुठून देऊ. मी रस्त्यावर आले तेव्हा परीक्षा सुरू होऊन गेली होती.

घरी आले तर सर अजून तिथंच होते. चहा पुढं गार झालेला. त्यांचा चेहरा बघून माझ्याच्यानं राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "असू द्या सर. तुमची काय चूक? मशीनच जुनं." त्यांनी मान वर केली नाही. सीपीयू उचलला, म्हणाले, "सोलापूरला पाठवून बोर्ड करून आणतो." मी त्यांच्यासाठी दार उघडून धरलं. जिन्यावरून त्यांना तो डबा जड होत होता म्हणून एका बाजूनं हातही लावला.

काही दिवसांनी सीपीयू दुरुस्त होऊन आला. मी कंपनीला लिहिलं होतं. पुन्हा संधी देता येत नाही, असं उत्तर आलं. अण्णा त्या आठवड्यात माझ्याशी फार मायेनं वागत होते. येताना माझ्यासाठी कधी डाळिंब आणायचे, कधी चिवडा. मला वाटलं, पोरीचं दुःख बघवत नाहीये त्यांना.

शाहीन ही माझी कॉलेजातली मैत्रीण. ती सरांकडे टायपिंगचा सराव करायला जायची. ती बाजारात भेटली. इकडचं-तिकडचं बोलताना तिनं माझ्या परीक्षेचं विचारलं. मी सगळं सांगितलं, मशीन कसं गेलं, क्लासलाही नेमकी लाईट नव्हती ते.

"कवा?" ती म्हणाली.

मी वार सांगितला.

"अगं न्हाय, त्या दिवशी तर आमची टेस्ट झाली. सर सकाळी आमाला मशीनवर बसवून कुठंतरी गेलते, म्हणले गप टाइप करा, मी येतो. लाईट कुठं गेलती? पंखे सुरू होते की." मग माझ्या तोंडाकडं बघून ती म्हणाली, "तुझा दुसरा दिवस असंल."

दुसरा दिवस नव्हता. मी घरी आले. आई देवळाजवळच्या बायकांकडं बसायला गेली होती. मी घड्याळ काढलं, गजाला हात लावला, आणि सीपीयू उघडला. बोर्ड बदलायला किंवा दुरुस्त करायला तो डब्यातून बाहेर काढावा लागतो, त्याचे कोपऱ्याचे स्क्रू काढावे लागतात. सगळ्या स्क्रूंवर जुनी धूळ बसलेली होती, चिकट, वर्षानुवर्षांची. एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं स्क्रूपासून डब्याच्या पत्र्यापर्यंत तसंच होतं. तो बोर्ड कधी जागचा हललाच नव्हता. रॅमची जागा सोडली तर फक्त एका ठिकाणी धूळ पुसलेली होती. प्रोसेसरला वीज देणारी चार तारांची एक छोटी चौकोनी पिन असते, पंख्यामागं लपलेली, तिथं बोटांचे स्वच्छ ठसे होते. मी ती पिन काढली आणि मशीन चालू केलं. पंखा फिरला. दिवा लागला. 'नो सिग्नल'. बीप नाही. पिन परत बसवली, तर माझ्या डेस्कटॉपवरचं बोधिवृक्षाचं चित्र आलं.

मी त्या मशीनसमोर जमिनीवर बसून राहिले. रडू आलं नाही. काहीतरी फार घाण हाताला लागल्यासारखं झालं होतं, आणि मी उठून हात धुतले.

संध्याकाळी अण्णा आले. मी त्यांना विचारलं, सरांना हे करायला तुम्ही सांगितलं होतं का. ते खाकी शर्टाची घडी घालत होते. ती त्यांनी मोडली आणि परत घातली. "सरच आले होते माझ्याकडं," ते म्हणाले. "म्हणले, पोरगी जाणार हाय आन् लग्नाला न्हाय म्हणणार हाय. तुमच्या कानावर असावं." मग घडी बाजूला ठेवून म्हणाले, "मी म्हणलो, सर, मी कुठल्या तोंडानं न्हाय म्हणू? स्टेजवर उभा राहतो मी. तुमीच काय तरी करा."

म्हणजे खिडकीशी उभी राहून मी जे बोलले होते, ते सरांनी त्याच आठवड्यात उचलून अण्णांना नेऊन दिलं होतं. मी समजत होते अण्णांनी सरांना भरीला घातलं. तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले. दोन बॅचच्या मधली वेळ होती, खोलीत कोणी नव्हतं. सरांनी मला बसायला खुर्ची दिली. मी उभीच राहिले.

"सर, बोर्ड गेला नव्हता."

त्यांनी ती खुर्ची परत टेबलाखाली सरकवली.

"चार तारांची पिन काढली होती तुम्ही."

"व्हय," ते म्हणाले. "तू हुडकशील हे मला वाटलंच होतं. आज ना उद्या."

"का केलं?"

त्यांनी टेबलावरच्या माउसची वायर सरळ केली. "तुझ्या वडलांची झोप गेलती. तू निघून गेली असतीस तर त्या घरात काय राहिलं असतं? एक परीक्षा गेली. परीक्षा काय, परत येत्यात. घर तुटलं की जोडता येत न्हाय."

"मग मला तसं सांगायचं. जाऊ नको म्हणायचं."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते तुमच्याशी."

"म्हणून तर," सर म्हणाले. इतक्या शांतपणे म्हणाले, जसं क्लासमध्ये एखाद्याला समजावतात. "वडील न्हाय म्हणले असते तर तू वडलांशी भांडली असतीस. मी म्हणलो असतो तर माझ्याशी. मशीन बंद पडलं, तर कुणाशी भांडायचं? कुणाचंच मन मोडलं न्हाय."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. माझं मन ते मोजतच नव्हते. मला ती कळंबची बाई आठवली, आणि पहिल्यांदा असं वाटलं की तिलाही कुणी विचारलं नव्हतं. कदाचित तिला नवऱ्यासमोर सांगायचं असेल, की हो, माझ्या हातून बटण दाबलं गेलं, त्यात काय एवढं. कॉम्प्युटरला हात न लावण्याचा हुकूम तिच्यावर त्या दिवसानंतरही तसाच राहिला असणार.

"सर, मी तुम्हाला धीर देत होते त्या दिवशी," मी म्हणाले. "तुम्ही तो घेतला."

यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. खाली जिन्यावर मुलांचे पाय वाजायला लागले. पुढच्या बॅचची मुलं आत आली, "जय भीम सर, जय भीम ताई," म्हणत आपापल्या जागेवर बसली. मी जिना उतरले.

लातूरच्या पाहुण्यांना मी येऊ दिलं नाही. घरात पुष्कळ बोलणी झाली, आईनं दोन दिवस चूल सोडून माझी बाजू धरली. मग मी सोलापूरला मावशीकडे राहून दुसऱ्या परीक्षा दिल्या. हैदराबादची ती नोकरी काही मिळाली नाही. जिथं निवड झाली ती ही पुण्यातली जागा, पगार कमी, काम फोनवरचं. मोठं काही झालं नाही माझं. पण सकाळी मी मला हव्या त्या बसनं जाते.

अण्णांवरचा राग कधी गेला ते मला सांगता येणार नाही. ते पुण्याला आले, माझ्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपले, सकाळी उठून माझा डबा भरायला लागले, आणि तो राग कुठंतरी विरघळला. अण्णांनी मला जे कधी दिलंच नव्हतं, ते त्यांनी काढून घेतलं असं म्हणता येत नाही. सरांनी दिलं होतं. मुलांना मागं सारून माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी दिला होता. लोक मला म्हणतात, अगं एवढं काय, माणूस चुकतो. मी त्यांना सांगू शकत नाही की एका सकाळीनं माझी मागची सगळी वर्षं नासवली. माझा प्रोजेक्ट चांगला झालाय असं सर म्हणाले होते, ते खरं होतं का? ती पिन सुईनं सरळ केली, ती आधी खरंच वाकली होती का? एकेक आठवण मी हातात घेऊन तपासते आणि कुठलीच पूर्वीसारखी खाली ठेवता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी घरी गेले होते. अण्णा आता निवृत्त झालेत. त्यांच्या कॉम्प्युटरचा मॉनिटर लुकलुकत होता आणि त्यांनी मला न सांगता सरांना फोन केला होता. कदाचित मुद्दामच. भर दुपारी दार वाजलं, मी उघडलं, तर बाहेर सर. केस पांढरे झालेले, सफारी ढगळ झालेला. नाकावर जाड भिंगांचा चष्मा. मला बघून ते हसले, आणि त्यांनी एक चप्पल काढली.

"अण्णांनी बोलावलंय," ते म्हणाले. "मॉनिटर."

"मी बघते सर."

ते एक पाय चपलेत आणि एक पाय फरशीवर ठेवून तसेच उभे राहिले. आतून अण्णांचा खोकला ऐकू आला. अण्णा बाहेर आले नाहीत.

"तुझं बरं चाललंय असं अण्णा सांगतात."

"चाललंय."

"पाणी देतीस का जरा? ऊन लई हाय."

मी तांब्या आणून दिला. ते दारातच उभे राहून प्याले, तांब्या खाली न ठेवता माझ्या हातात दिला. मग चप्पल परत घातली. पट्टा जुना होता, त्यांना वाकून बोटानं टाच आत सारावी लागली, आणि त्याला वेळ लागला. मी उभी होते. मदत करावी असं हातांना वाटत होतं, मला वाटत नव्हतं.

"येतो," ते म्हणाले. मी मान हलवली आणि दार लावलं.

मग खिडकीशी गेले. सर गल्लीतून सावलीच्या कडेकडेनं चालले होते. कोपऱ्यावर राहणाऱ्या नसीमा चाची ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी सरांना हाक मारली. "सर, बरं झालं दिसलात. नातवाचं कॉम्प्युटर सुरूच होईना बघा. दोन मिनिटं आत येता का?"

सर थांबले. त्यांनी खांद्यावरची पिशवी एका हातानं घट्ट धरली.

"आज न्हाय जमायचं चाची," ते म्हणाले. "चष्माच इसरलोय घरी. काय दिसंना मला."

नसीमा चाचींनी मान वर करून त्यांच्या तोंडाकडं बघितलं. सरांच्या नाकावरच्या चष्म्यावर ऊन चमकत होतं. मग त्या सूप मांडीवर सरकवून परत गहू निवडायला लागल्या. आणि सर, नीट दिसत नसल्यासारखे, भिंतीला हात लावत लावत, वळणावरून पलीकडं गेले.